मान राखू की कान?

लग्नाचं आमंत्रण पत्रिकेने येतं असं ज्याला वाटतं, त्याने उत्तन पाहिलेलं नाही. आमच्याकडे पत्रिका हा नुसता उपचार. खरं आमंत्रण आवाजाने येतं. भाटेबंदरला बँड सुरू झाला की पालीच्या बायका भांडी घासता घासता ओळखतात, कुणाकडे तरी उंबराचं पाणी निघालं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाच्या किंवा नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं, ही आम्हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी रीत. पाणी घागरभर असतं, वाजंत्री मात्र गावभर.

भाईंदर पश्चिमेहून बस निघते, मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकते, डोंगरी घेते आणि उत्तन नाक्यावर येते. लग्नसराईत हा प्रवास केलात तर कंडक्टरने थांब्याचं नाव पुकारायची गरज पडत नाही. वाटेत आगरी मंडळींची हळद असते, पुढे कोळ्यांचं लग्न असतं, त्याच्याही पुढे कुणाच्या तरी नातवाचा पहिला वाढदिवस असतो. ज्याचा वाढदिवस तो आईच्या खांद्यावर कानांवर हात ठेवून रडत असतो. गावात खरं बोलणारा तेवढा एकच, पण त्याला अजून बोलता येत नाही.

अशा गावात मी जन्मलो, वाढलो आणि साठी ओलांडली. आता नाचायचं वय सरून खुर्चीत बसून जेवणाची वाट बघायचं सुखाचं वय आलं, तर माझ्या उजव्या कानात एक सूर मुक्कामाला आला. कुकरची शिट्टी होण्याआधी जो बारीक सूं आवाज येतो ना, तो. फरक इतकाच की इथे शिट्टी कधी होत नाही, भातही शिजत नाही आणि गॅस बंद करायला बटण नाही. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत, त्यांत हा अगदी वरच्या क्रमांकावर आहे. म्हणजे दुखणं चांगलं घरंदाज आहे, आजकालचं नव्हे.

डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणाले. कर्णनादवाल्यासाठी ही परीक्षा म्हणजे छळ. यंत्रातून आलेला सूर कुठला आणि आपल्या घरचा कुठला, हे ठरवताना घाम फुटतो. मी दाबत राहिलो. डॉक्टर काचेपलीकडून हातवारे करून सांगत होते, की अजून मी काही वाजवलेलंच नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात जन्मतः सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात आणि आवाजाची लहर पकडून मेंदूकडे पाठवणं हे त्यांचं काम. वयाने, गोंगाटाने किंवा काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. एखाद्या पट्टीतला आवाज यायचा बंद झाला, की मेंदू गप्प बसत नाही. तो आतल्या आत व्हॉल्यूम वाढवतो आणि बाहेर नसलेला सूर ऐकू यायला लागतो, असं बहुतेक संशोधक मानतात. पुढे डॉक्टर म्हणाले, पक्ष्यांचं मात्र तसं नाही. कोंबडीच्या कानातल्या केसपेशी गेल्या तर पुन्हा उगवतात, हे शास्त्रज्ञांना १९८८च्या सुमारास कळलं. त्यानंतर मी ज्या लग्नाला गेलो तिथे डीजेच्या भिंतीमागेच स्वयंपाक चालला होता. मांडवात ज्या एकाच जातीच्या प्राण्याला आपले कान परत मिळवता आले असते, तो बाटली मसाल्यात शिजत होता.

"गोळी नाही का?" मी विचारलं. नाही. हा सूर हमखास बंद करणारं औषध आजही जगात नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने फायदा होतो. मनाची घालमेल कमी करायला समुपदेशनाच्या पद्धती आहेत, त्यांचा बऱ्याच जणांना उपयोग होतो. बाकी काय, तर सवय करायची. आणि मोठ्या आवाजापासून कान जपायचे. शेवटचं वाक्य डॉक्टरांनी फार सहज म्हटलं. त्यांचा दवाखाना उत्तनमध्ये नव्हता.

हे दुखणं दुर्मीळ आहे असंही नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना, म्हणजे ७४ कोटींहून जास्त माणसांना, कधी ना कधी हा आवाज ऐकू येतो. या मंडळींत थोर माणसंही आहेत. बेद्रिच स्मेताना या चेक संगीतकाराने १८७६ साली आपल्या आयुष्यावर एक चतुर्वाद्य रचना केली. तिच्या शेवटच्या भागात व्हायोलिनवर एकाएकी एक तीव्र, लांबलचक सूर येतो. तो त्याच्या कानात वाजणारा सूर. बीथोव्हेनने २९ जून १८०१ रोजी आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहून कळवलं, की कान रात्रंदिवस गुणगुणतात आणि जवळजवळ दोन वर्षं मी लोकांच्या मेळाव्यांना जाणं टाळतो आहे.

बीथोव्हेनला व्हिएन्नात हे परवडलं. उत्तनमध्ये असता तर दुसऱ्या लग्नाला गैरहजर राहिल्यावर त्याच्या दारात मावश्या आल्या असत्या. "आमच्याकडे का नाय आलास? आम्ही काय कमी पडलो?" तिसऱ्या लग्नानंतर तो शिष्ट ठरला असता आणि चौथ्यानंतर त्याच्याकडच्या कार्याला जायचं नाही असं ठरलं असतं. आमच्याकडे न जाणं हा पर्यायच नसतो. जायचं कसं, एवढंच आपल्या हातात.

आता जायचं म्हटलं, तर पहिली अडचण खुर्चीची. मांडवात मानाची जागा कोणती? अगदी पुढची रांग. आणि स्पीकरची जागा कोणती? अगदी पुढचे दोन कोपरे. म्हणजे ज्याचा मान मोठा त्याच्या कानाशी बेस. नवऱ्यामुलाचे आजोबा, धर्मपिता, गावचे फादर, नगरसेवक, सगळे सन्मानाने तोफेच्या तोंडी दिले जातात. मागच्या रांगांत रिक्षावाले, डेकोरेशनची पोरं आणि दूरच्या नात्यातले रुसलेले लोक निवांत गप्पा मारत असतात. पदार्थविज्ञान त्यांच्या बाजूने असतं. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. चार मीटरवरचा माणूस उठून आठ मीटरवर गेला तर सहा कमी, सोळावर गेला तर बारा कमी. तेव्हा कान वाचवायचे तर अपमान पत्करून मागे जायला हवं. मी तसं करून पाहतो. पण उत्तनमध्ये अपमान सुखाने पत्करू देत नाहीत. यजमानाचा भाऊ धावत येतो, दंडाला धरतो आणि म्हणतो, "काका, तुम्ही मागं? लोक काय म्हणतील?" आणि मला ओढत नेऊन बेसच्या पुढ्यात बसवतो. प्रेमाने बसवतो, हे त्यातलं दुःख.

मग दुसरी पायरी, साउंडवाल्याची मनधरणी. हा बहुधा विशीतला पोरगा असतो. त्याच्यापुढे चाळीस बटणांचा मिक्सर असतो, आणि त्याच्या स्वतःच्या कानांवर जाडजूड हेडफोन असतो. अख्ख्या मांडवात कान झाकलेला शहाणा एकच, तो हा. मी त्याच्याजवळ जाऊन हाताने खाली-खाली अशी खूण करतो. तो हसतो, अदबीने मान हलवतो, एका बटणाला बोट लावतो आणि ते बोट तसंच उचलतो. आवाज जिथल्या तिथे. पुन्हा खूण केली तर मीटर दाखवतो, "अंकल, हिरव्यातच आहे." बिचाऱ्याचाही इलाज नसतो. त्याला सुपारी मिळालेली असते ती चार बेस, चार टॉपची. तेवढे वाजले नाहीत तर नवऱ्याचा मामा पैसे कापतो. आवाज हा आमच्याकडे संगीताचा भाग नाही, तो हिशेबाचा भाग आहे. अमक्याकडे दोन बेस होते, आपल्याकडे चार. तमक्याने बेंजो आणला, आपण बेंजो आणि वर नाशिक ढोल. मुलगी कुठे दिली यापेक्षा किती ऐकू गेली, यावर लग्न जोखलं जातं.

एकदा एका भाच्याने मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं. मला वाटलं, चला, पुढच्या पिढीला जाण आली. तो आकडा बघून ओरडला, "अंकल, एकशे चार!" दहावीत एवढे मार्क पडल्यासारखा आनंद त्याच्या तोंडावर होता. त्याने तो आकडा नवरदेवाच्या बापालाही दाखवला. बापाने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं.

त्या आकड्याचा अर्थ मात्र अभिमानाचा नाही. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने कामगारांच्या कानांसाठी हिशेब घालून दिला आहे. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा तास, १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. १०३ला साडेसात, १०६ला पावणेचार. या हिशेबाने मी लग्नाचं वेळापत्रक बसवून पाहिलं. पंधरा मिनिटांत पाकीट देणं, स्टेजवर जाणं, फोटोत हसणं, जेवणं आणि सटकणं. कागदावर जमतं. प्रत्यक्षात नुसत्या स्टेजच्या रांगेत पाऊण तास जातो, कारण पुढे नवरीच्या शाळेतल्या मैत्रिणी असतात आणि त्यांचा प्रत्येकीबरोबर वेगळा, मग सगळ्यांचा मिळून, मग चष्मा काढून, असा फोटो असतो. आपली पाळी येते तेव्हा कानांचा दिवसाचा कोटा कधीच संपलेला असतो. नवरदेव वाकून काहीतरी विचारतो. मी म्हणतो, "सुखी राहा." नंतर कळतं, त्याने विचारलेलं असतं, "जेवलात का?"

पण इथे एक सुख आहे आणि ते सांगायलाच हवं. लग्नात ऐकू न येणारा मी एकटा नसतो. त्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही. माझ्याकडे फक्त त्याचं प्रमाणपत्र आहे. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली दाखवून दिलं, की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज चढवतो. आमच्या जेवणाच्या टेबलावर लोंबारसाहेबांचा प्रयोग रोज होतो. डीजे चढतो म्हणून आम्ही चढतो, आम्ही चढलो म्हणून शेजारचं टेबल चढतं, आणि डीजेला वाटतं लोक रंगात आले, म्हणून तो आणखी चढतो. या गदारोळात एक गृहस्थ मुलाच्या कॅनडाच्या व्हिसाबद्दल सांगत असतात. समोरचे गृहस्थ यंदा बोंबलाला भाव नाही म्हणून हळहळत असतात. दोघेही माना हलवतात, दोघांचेही चेहरे सहानुभूतीने भरलेले असतात. संवाद उत्तम चालतो. घरी जाताना दोघेही म्हणतात, "किती दिवसांनी मनासारखं बोलणं झालं."

यावर उपाय म्हणून मी कानात घालायची फोमची बोंडं आणली. बोटांनी चोळून बारीक करायची, कानात सरकवायची, आत फुगू द्यायची. नीट बसली तर आवाज चांगला उतरतो. पण बोंडं घातल्यावर बाहेरचा आवाज कमी होतो आणि स्वतःचा वाढतो. फुग्याचा, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावाचा, तुकडा विंदालूत बुडवून तोंडात घातला, की चावण्याचा आवाज कवटीभर घुमतो. पापड तर खाऊच नये. आपलंच गिळणं ऐकत जेवणं म्हणजे आपल्याच पंक्तीला स्वतः वाढपी असणं.

बोंडं दिसली की सल्ले सुरू होतात. "कान फुटला काय?" ही पहिली चौकशी. दुसऱ्या आत्या म्हणतात, लसूण तेलात कडकडवून ते तेल कोमट करून घाल. तिसऱ्याला ठाऊक असतं, की कानात वाजतं म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय. माझी इतकी आठवण काढणारं कोण, यावर माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर वेगळाच प्रश्न उमटतो. चौथे गृहस्थ योगातले. ते भर मांडवात मला भ्रामरी करून दाखवतात. त्यांनी गुणगुण केली असणार, अशी माझी श्रद्धा आहे. ऐकू काहीच आलं नाही. तेल घालू नका, असं कानाचे डॉक्टर बजावून सांगतात. पण डॉक्टर एक आणि आत्या अनेक.

"मग शांत जागी जा ना!" हा सल्ला सगळ्यांत शहाणा वाटतो आणि सगळ्यांत फसवा आहे. आमच्या भाच्याने तर पत्ताच दिला. उत्तनहून डोंगराकडेने रस्ता गोराईला जातो. तिथे २००९ साली खुला झालेला विपश्यनेचा पॅगोडा आहे. एकही खांब नसलेल्या त्याच्या घुमटाखाली आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवसांची साधना आणि आर्य मौन. कुणी बोलत नाही, मोबाइल नाही, गाणं नाही. ज्याच्या डोक्यात विचारांचा गोंधळ आहे त्याला हे अमृत. ज्याच्या कानात बारा महिने वाजंत्री आहे, त्याचं काय होणार? बाहेरचं सगळं थांबलं की आतल्या कलाकाराला पूर्ण रंगमंच मिळतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी चांगल्या कानांच्या ऐंशी माणसांना आवाजरोधक खोलीत बसवलं. पाच मिनिटांत त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू यायला लागले. म्हणजे पुरेशी शांतता दिली तर हा रोग धडधाकट माणसालाही थोडा वेळ देता येतो.

तेव्हा माझी तक्रार नीट समजून घ्या. मला शांतता नको आहे. शांततेत तर माझा सूर एकटाच गातो. मला आवाज हवा आहे, फक्त माणसाच्या मापाचा. आणि त्या बाबतीत देवाने उत्तनला काही कमी दिलेलं नाही. समुद्राच्या लाटेत खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या असतात. तिच्या आवाजात कानातला सूर बुडतो, निदान मागे सरतो. परदेशात लोक उशाशी यंत्रं लावून लाटांचा आवाज ऐकत झोपतात. मी खिडकी उघडतो. भरतीच्या रात्री मला झोप चांगली लागते, ओहोटीला पंख्यावर भागवतो. कर्णनादवाल्याने राहावं तर उत्तनमध्ये आणि लग्नाला जाऊ नये तेही उत्तनमध्येच, असा हा पेच आहे.

आणि उत्तनच्याच बंदरावर मला या दुखण्याचा सगळ्यांत मोठा जाणकार भेटला. शेजारचे मामा. जन्म मासेमारीत गेला. डोलजाळी ओढायची आणि डिझेल इंजिनाच्या उशाशी झोपायचं. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा मामा जाळी शिवत बसतात. मी त्यांना माझ्या कानाचं सगळं शास्त्र सांगितलं. केसपेशी, मेंदू, बीथोव्हेन. मामांनी सुई न थांबवता ऐकलं आणि म्हणाले, "तुला आता आयकू आलं होय? माझं इंजिन बोट विकली तरी चालूच हाय." मग बाजूला बसलेल्या दोघांनीही मान डोलावली. एकाचं डाव्या कानात, एकाचं दोन्ही. कुणी कधी डॉक्टरकडे गेलं नव्हतं. आमचे कोळी लोक मोठ्याने का बोलतात म्हणून भाईंदरचे लोक हसतात. बोटीवर इंजिनाच्या वरताण बोलल्याशिवाय जाळं सुटत नाही आणि जाळं सुटल्याशिवाय भाईंदरला बोंबील मिळत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

त्या मामांना मी विचारलं, लग्नात काय करता? म्हणाले, "पोटात दुखतं म्हणून मागं बसतो." कानाचं कारण सांगितलं तर कुणी ऐकत नाही. पोटाचं सांगितलं तर आदराने वाट करून देतात.

कायदा मात्र कानाचं ऐकतो. निदान कागदावर. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. साधं बोलणंच साठच्या आसपास जातं, तेव्हा आमच्या मावशीने "जेवायला या रे" अशी हाक मारली तरी नियमभंग होतो. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत नेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे पक्कं केलं. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं, की लाउडस्पीकर वाजवणं हा कुणाचाही मूलभूत हक्क नाही. सुमैरा अब्दुलअली तर कित्येक वर्षं हातात मीटर घेऊन मुंबईचे सण मोजत फिरतात. त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार. मला भाच्याचं ॲपसुद्धा झेपलं नाही.

दहाच्या नियमाचा आमच्याकडे अर्थ असा लागतो, की जे काही वाजवायचं ते दहाच्या आत वाजवून घ्या. पावणेदहाला सूत्रसंचालक जाहीर करतो, "आता शेवटचं गाणं." त्यानंतर चार शेवटची गाणी होतात. रात्रभर पुरवून वापरायचा आवाज पंधरा मिनिटांत संपवायचा असतो, त्यामुळे दहाला पाच कमी असताना मांडवात जे होतं त्याला नाच म्हणत नाहीत, वसुली म्हणतात.

आणि यात कुठल्या एका धर्माला नावं ठेवायची सोय नाही. दहीहंडी, गणपती, सप्टेंबरातला वेलंकनी माउलीचा सण, नवरात्र, दर्ग्याचा उरूस, नाताळ, थर्टी फर्स्ट. राष्ट्रीय एकात्मता कुठे पाहायची असेल तर बेसच्या पुढ्यात पाहा. आमच्या ख्रिस्ती पंचांगात निदान उपवासकाळाची तरी सोय आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत सहसा लग्नं लागत नाहीत. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळनंतर तर चर्चची घंटाही ईस्टरच्या रात्रीपर्यंत मुकी होते. बाकीचे भाविक या दिवसांत मांसाहार सोडतात, दारू सोडतात, चेहरे लांब करतात. मी तेवढा टवटवीत दिसतो. फादरांनाही एकदा शंका आली असावी, की प्रायश्चित्ताच्या काळात या गृहस्थाला एवढा आनंद कसला.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली गाण्या-नाचाच्या जागांसाठी एक मानक जाहीर केलं. पंधरा मिनिटांच्या सरासरीत आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, लोकांना कानातली बोंडं मिळावीत आणि कानांना विसावा द्यायला एखादी शांत जागा असावी. म्हणजे त्या संघटनेनेही नाचू नका म्हटलेलं नाही. शंभर डेसिबल म्हणजे चांगला दणका असतो, कुणाच्या लग्नाचा विरस होणार नाही. मला तर ते चित्र फार आवडतं. मांडवाच्या दारात नवरीच्या बहिणी तबक घेऊन उभ्या आहेत, एकीकडे गुलाबपाणी, एकीकडे बोंडं. "घ्या काका, दोन घ्या. जाताना आंटीसाठी पण न्या." आणि मागच्या बाजूला एक विसाव्याचा कोपरा, जिथे बसणाऱ्याला पोटदुखीची सबब सांगावी लागत नाही.

एवढं सगळं एका सराईत होणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून फार मागत नाही. बँड वाजवा, बेंजो वाजवा, उंबराचं पाणी वाजतगाजत आणा. त्याशिवाय लग्न लागल्यासारखं मलाही वाटणार नाही. फक्त साउंडवाल्याला बयाणा द्याल तेव्हाच, लग्नाच्या दिवशी नव्हे, दोन गोष्टी सांगा. बेसचं तोंड नाचणाऱ्यांकडे कर, म्हाताऱ्यांकडे नको. आणि तान्ह्या पोरांना घेऊन बसलेल्या आयांची खुर्ची स्पीकरपासून लांब मांड, कारण त्यांच्या मांडीवरच्या कानांना अजून सत्तर वर्षं काढायची आहेत. कानात बोंडं घालून आलेला कुणी दिसला तर त्याला हसू नका आणि पुढच्या रांगेत ओढू नका. तो तुमच्या लग्नाला कान पणाला लावून आलेला आहे, याहून मोठा आहेर नाही. आणि पाकिटाचं म्हणाल, तर ज्या लग्नात मला मागची खुर्ची मिळेल, तिथे मी शंभर रुपये जास्त घालीन.